नाव ठेवा, पण नावे ठेवायला जागा नको!

मैत्रिणींनो, बाळाचे नाव ठेवायला आत्या असते. मासिकाचे नाव कोणी ठेवायचे? तुमच्या गायनवर्गाचे किंवा भजनी मंडळाचे संगीताचे नियतकालिक काढायचे घाटत असेल, तर पहिल्याच बैठकीत यावरून वादावादी होणार, हे नक्की!

हाथरसहून १९३५ साली निघालेल्या मासिकाने सरळ 'संगीत' हेच नाव घेतले. आत काय आहे ते नावातच! पण असे नाव एकाने घेतले की संपले. मग दुसरी वाट म्हणजे गाणाऱ्यांच्या तोंडी रुळलेला शब्द उचलायचा. अमेरिकेतल्या 'रोलिंग स्टोन'ने तेच केले.

१९६७ साली सॅन फ्रान्सिस्कोमध्ये जॅन वेनर हा २१ वर्षांचा तरुण आणि संगीत-समीक्षक राल्फ ग्लीसन यांनी हे नियतकालिक काढले. भांडवल ७,५०० डॉलर, तेही घरच्यांकडून आणि होणाऱ्या सासरवाडीकडून उसने! नाव फसले असते, तर सासरी तोंड कसे दाखवणार? गडगडत्या दगडावर शेवाळ धरत नाही, अशी तिकडे जुनी म्हण आहे. तो गडगडता दगड मडी वॉटर्सच्या १९५० च्या गाण्यात आला, त्यावरून एका इंग्रज वाद्यवृंदाने 'रोलिंग स्टोन्स' नाव घेतले, १९६५ साली बॉब डिलनच्या गाण्यातही तो आला. मासिक नवे, पण नाव कानाला ओळखीचे!

नावाची अक्षरे रिक ग्रिफिन या पोस्टर काढणाऱ्या चित्रकाराने हाताने रेखाटली. ते कच्चेच काम होते, पण वेनरने तेच छापायला घेतले. पहिल्या अंकाच्या ४०,००० प्रतींपैकी ३४,००० परत आल्या. म्हणून काही त्यांनी नाव टाकले नाही की अक्षरे फेकली नाहीत. पुढे १९७७ साली जिम पार्किन्सनने ती अक्षरे नीटनेटकी केली, वळण मात्र जुनेच राखले. ओळख बसायला वेळ लागतो, आणि दर अंकाला तोंडवळा बदलला तर ती कधीच बसत नाही.

तेव्हा एवढे करा. सुचलेली नावे मोठ्याने म्हणून बघा. फोनवर दोनदा सांगावे लागते ते नाव बाद. निवडलेले नाव कागदावर लिहून भिंतीला लावा आणि दहा पावलांवरून वाचा. मग तेच अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहा, कारण हल्ली मोबाईलवर ते तेवढेच दिसते. जोडाक्षर गिचमिड झाले, तर चित्रकाराला पुन्हा बसवा. अक्षरांत वीणा, तबला, घुंगरू सगळेच कोंबू नका, एक पुरे. नियतकालिक रीतसर विकायचे असेल, तर नाव प्रेस रजिस्ट्रार जनरलकडून मंजूर करून घ्यावे लागते. तुमच्या भाषेत तसेच नाव आधीच कोणाचे असेल, तर ते मिळत नाही. म्हणून दोन-तीन नावे हाताशी ठेवा.

आणि हो, अक्षरे थोडी कच्ची राहिली म्हणून पहिला अंक अडवून धरू नका!