यकृताला चकवणारी हळद

१९ एप्रिल २०२५च्या जागतिक यकृत दिनाचं घोषवाक्य होतं 'अन्न हेच औषध'. रिसोडकर म्हणतील, यात नवं ते काय? रिसोड-वाशीमपासून हिंगोलीपर्यंतच्या पट्ट्यात एप्रिलच्या सुमारास हळद शिजते, वाळते, पॉलिश होऊन बाजारात येते. खोकल्याला हळद-दूध, कापलं-खरचटलं तर हळद. गंमत अशी, की घरात कुणाला कावीळ झाली की तीच हळद भाजीतून बंद! कारण काय, तर रंग पिवळा. वास्तविक काविळीचा पिवळेपणा बिलिरुबिनचा. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की ते तयार होतं, यकृत ते पित्तावाटे बाहेर काढतं; यकृत थकलं की ते रक्तात साचतं. चिमूटभर हळदीचा त्यात काडीचाही संबंध नाही.

डबीतल्या हळदीचा मात्र असू शकतो. 'लिव्हर डिटॉक्स'च्या नावाने कुरकुमीनच्या कॅप्सूल हल्ली घरपोच येतात. हळदीत कुरकुमीन असतं साधारण तीन टक्के, आणि अंगी लागतं त्यातलंही नाममात्र. आतड्यातलं रक्त शरीरभर फिरण्याआधी यकृतात जातं. तिथे अनोळखी रसायनाला एक जोड लावून, ते पाण्यात विरघळेल असं करून, बाहेरची वाट दाखवली जाते. कुरकुमीनचंही आतड्यात आणि यकृतात हेच होतं. उद्योगाला नेमकी हीच अडचण वाटली. १९९८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी दाखवलं, की मिरीतलं पिपरीन सोबत दिलं तर माणसाच्या शरीरात कुरकुमीनची उपलब्धता २० पटींनी वाढते. कारण पिपरीन त्या जोडकामालाच खीळ घालतं. आता कित्येक डब्यांवर हीच गोष्ट गुण म्हणून छापलेली असते. यकृताच्या भल्यासाठी यकृताचेच हात बांधायचे, असा हा कारभार!

औषधांमुळे यकृताला होणाऱ्या इजेची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकी संशोधकांनी २०२२ मध्ये हळदीच्या उत्पादनांशी जोडलेले १० रुग्ण मांडले. पाच जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं, एक दगावला. सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये अशा उत्पादनांबद्दल जाहीर इशारा दिला. घेणारे लाखो आणि बाधलेले मोजके, हे खरं. पण बाधणार कुणाला, ते आधी कळत नाही.

आपल्याकडे करोनाकाळात गुळवेलीचं असंच झालं. मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. या डॉक्टरांनी वनस्पतीची ओळख नीट पटवलीच नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. आक्षेप रास्त धरला तरी प्रश्न उरतोच: मग डबीत नेमकं काय भरलंय, हे गिऱ्हाइकाने कसं ओळखायचं?

   

डॉक्टर विचारतात, "कोणत्या गोळ्या चालू आहेत?" आपण बीपी-शुगरच्या सांगतो, ही डबी गोळ्यांत धरतच नाही. लघवी गडद होत असेल, अंगाला खाज सुटत असेल, अन्नावरची वासना उडाली असेल, तर डबी सोबत न्या. यकृताची इजा दाखवणारं एसजीपीटी आणि बिलिरुबिन रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं. वेळीच कॅप्सूल थांबवली तर बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, सावरतं.