दुसरी वही किती मागे आहे?

समजा बीडच्या मोंढ्यात सोयाबीन विकले आणि रक्कम तुमच्या वडिलांच्या बँकखात्यात जमा झाली. ही नोंद शाखेतल्या वहीत होत नाही, ती दूरच्या एका मोठ्या संगणकात होते. तो बंद पडला तर? म्हणून बँका दुसऱ्या शहरात दुसरा संगणक ठेवतात. पहिल्याकडची प्रत्येक नोंद तारेवरून त्याच्याकडे जाते आणि तो ती त्याच क्रमाने उतरवून घेतो. याला ‘रेप्लिकेशन’ म्हणतात.

ही प्रत मुळाच्या थोडी मागे राहू शकते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते चेन्नई सरळ अंतर सुमारे १,००० किलोमीटर. म्हणजे निरोप जाऊन पोच परत यायला निदान एक शतांश सेकंद हवा. हजारो नोंदींसाठी असे थांबणे परवडत नाही. म्हणून दूरची प्रत सहसा मागून येऊ देतात आणि जवळच्या प्रतीची मात्र पोच घेऊनच पुढे जातात.

मग प्रत किती मागे आहे, हे कसे ओळखावे? प्रतीलाच विचारले तर फसगत होते. तार तुटली की तिच्याकडे नवे काही येतच नाही. ती म्हणते, “आलेले सर्व उतरवले, बाकी शून्य!” ही शांतता आरोग्याची नव्हे.

उपाय नाडी पाहण्यासारखा आहे. मूळ संगणक दर सेकंदाला आपली वेळ एक नोंद म्हणून लिहितो. प्रतीत १० वाजून ० सेकंदाची नोंद शेवटची असेल आणि घड्याळात १० वाजून ३ सेकंद झाले असतील, तर प्रत ३ सेकंद मागे. पाच मिनिटांनीही तीच नोंद दिसली, तर धोक्याची घंटा! अर्थात दोन्हीकडची घड्याळे जुळलेली हवीत.

तारेवरही लक्ष हवे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराच्या मुख्य आणि जवळच्या केंद्रांमधील जोडण्या तुटल्या. त्यातून मुख्य केंद्राची साठवण यंत्रणाही प्रतिसाद देईना. सकाळी ११.४० ला थांबलेले व्यवहार दुपारी ३.४५ ला सुरू झाले.

वर्गात करून पाहा. दोन खोल्यांत दोन वह्या ठेवा आणि मध्ये चिठ्ठ्या नेणारा एक मित्र. गुरुजींनी त्याला गुपचूप थांबवावे आणि दुसऱ्या वहीवाल्याला विचारावे, “किती बाकी?” चिठ्ठ्यांवर वेळ लिहिलेली नसेल, तर त्याचे उत्तर काय येईल?