न दिसणारा सोबती

तान्हं बाळ झोपेत हसलं की ‘सटवाई खेळवतेय’ म्हणायची आपल्याकडे जुनी रीत आहे. कर्जत-खालापूरच्या गावांतही त्याने कुणी दचकत नाही. तेच मूल चार वर्षांचं झालं, ओसरीवर कुणा ‘बाळू’ला हाका मारू लागलं, जेवताना ‘त्यालापण वाढ’ म्हणून अडून बसलं, की मात्र घरात कुजबुज सुरू होते. कुणी भगताचं नाव काढतं. कुणी मोबाइलवर शोधाशोध करतं आणि त्याला तिथे ‘व्यक्तिमत्त्व विकार’ हा शब्द भेटतो. ही भीती अनाठायी आहे.

अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या मार्जरी टेलर यांनी अनेक वर्षं मुलांच्या अशाच काल्पनिक सोबत्यांवर काम केलं. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात ६५ टक्के मुलांना वयाच्या सातव्या वर्षापर्यंत कधी ना कधी असा सोबती होता. ज्यांच्याशी मुलं जिवंत समजून बोलतात त्या बाहुल्याही यात धरल्या होत्या. गंमत म्हणजे, संशोधक बाई फारच गंभीरपणे त्या मित्राची चौकशी करू लागल्या की कित्येक मुलं त्यांनाच समजावत, ‘अहो, तो खोटाखोटा आहे.’ हे भान शाबूत आहे तोवर काळजी नको. मित्र हट्टी असेल, भांडत असेल, तरीही नको.

दुःखातही असं बोलणं येतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. निवासी आश्रमशाळेत असल्यामुळे वाचलेल्या काही मुलांनी घरची माणसं गमावली. असं एखादं मूल कधी गेलेल्या आईशी बोललं, तर त्याला गप्प करू नये. शेजारी बसून ऐकावं.

व्यक्तिमत्त्व विकार ही वेगळीच गोष्ट आहे. स्वतःकडे पाहण्याची आणि माणसांशी नातं जोडण्या-तोडण्याची रीत वर्षानुवर्षं इतकी ताठर किंवा अस्थिर राहते की घर, काम, मैत्री काहीच धड टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ पासून लागू झालेली आजारांची वर्गवारी आधी पाहते ती हा त्रास किती तीव्र आहे, हेच. अदृश्य मित्र ही त्याची खूण नाही. या विकाराच्या ‘बॉर्डरलाइन’ नावाच्या प्रकारात काहींना ताणाच्या वेळी आवाज ऐकू येतात हे खरं, पण ते बहुधा हिणवणारे असतात. आणि सिनेमांतून दिसणारी ‘एका देहात अनेक माणसं’ ही अवस्था व्यक्तिमत्त्व विकारांत मोडतच नाही. तिची नोंद विघटनाच्या विकारांत होते आणि असे रुग्ण बालपणीच्या भयंकर छळाबद्दल वारंवार सांगतात.

मोठ्या माणसाचा अदृश्य सोबती हुकूम सोडू लागला, झोप उडवू लागला, ‘तो खरा नाही’ हे भानच हरपलं, तर मात्र वेळ घालवू नये. असं हरवलेलं माणूस किती दूर जाऊ शकतं, हे कर्जतजवळ वेणगावला कळतं. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राचं काम इथे २००६ पासून चालतं. रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना इथे आणतात. त्यांतले बरेच स्किझोफ्रेनियाचे असतात. या कामाची सुरुवात मुंबईत झाली. गटाराचं पाणी करवंटीने पिणारा एक तरुण या दांपत्याला दिसला. त्याला उपचारांसाठी आणलं, तो बरा झाला, आणि तेव्हा कळलं की तो पदवीधर आहे, पॅथॉलॉजीचं शिक्षण घेतलेला आहे, आंध्रातल्या चांगल्या घरचा आहे. डॉ. भरत वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर संस्थेने सात हजारांहून जास्त माणसं घरी पोचवली होती. औषधं लागू पडली की माणूस गावाचं नाव सांगतो आणि कार्यकर्ता त्याला घेऊन थेट त्याच्या घरापर्यंत जातो. मला या कामात सर्वांत मोठा वाटतो तो हा शेवटचा प्रवास. परतलेल्या माणसाची औषधं सुटू नयेत म्हणून घरच्यांनाही आजार समजावून द्यावा लागतो.

घरात कुणाबद्दल शंका असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो. बोलणं मराठीतही होतं. फोन करण्याआधी एवढं आठवून ठेवा: हे कधीपासून चाललंय, झोप आणि जेवण कसं आहे, आणि आवाज ऐकू येत असेल तर तो काय करायला सांगतो.