नागपाडा बास्केटबॉल

नागपाडा बास्केटबॉल : मुंबईत भायखळा व मुंबई सेंट्रल यांच्या दरम्यान असलेल्या नागपाडा या दाट वस्तीच्या भागात वाढीस लागलेली बास्केटबॉल खेळाची परंपरा. येथे व्यावसायिक क्लब कधीच स्थापन झाला नाही. तथापि एका वस्तीने एखादा खेळ आपला मानून पिढ्यान्‌पिढ्या जोपासल्याचे महाराष्ट्रातील हे ठळक उदाहरण होय. (→ बास्केटबॉल).

या परंपरेचे मूळ समाजकार्यात आहे. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात येथे ‘नागपाडा नेबरहुड हाउस’ हे वस्तीकेंद्र सुरू केले. शिकागोतील हल हाउससारख्या (१८८९) केंद्रांची कल्पना त्यामागे होती. कष्टकरी वस्तीत राहूनच तेथील लोकांसाठी शिक्षण, आरोग्य व करमणूक यांच्या सोयी उभ्या करावयाच्या, असा तिचा आशय. टाटा समाजविज्ञान संस्थेची पूर्वज असलेली समाजकार्य शाळा १९३६ मध्ये याच केंद्रात भरू लागली. शाळा पुढे अन्यत्र गेली. केंद्राच्या आवारातील बास्केटबॉल मात्र वस्तीतच राहिला. वायएमसीएच्या मस्तान तलाव येथील मैदानानेही या खेळाला आधार दिला.

हा खेळ येथेच का रुजला, याचे उत्तर बव्हंशी जागेच्या हिशेबात सापडते. बास्केटबॉलचे क्रीडांगण २८ मी. लांब व १५ मी. रुंद, म्हणजे अवघे ४२० चौ. मी. असते. क्रिकेटच्या मैदानाला याच्या कितीतरी पट मोकळी जमीन लागते आणि दक्षिण मुंबईत ती जिमखान्यांच्या ताब्यात होती. बास्केटबॉलला एक चेंडू आणि ३·०५ मी. उंचीवर बसविलेले कडे पुरे होते. खेळाडू कमी असल्यास अर्ध्या क्रीडांगणावरही सामना रंगे. लहानशा जागेत दाटीवाटीने खेळावे लागल्याने चेंडूवरील ताबा व चपळ हालचाल या गुणांना उंचीइतकेच महत्त्व येते. सडपातळ, मध्यम उंचीच्या मुलांना ही गोष्ट अनुकूल ठरली असावी.

प्रशिक्षक बच्चू खान यांचे नाव येथील महानगरपालिकेच्या क्रीडांगणाला देण्यात आले आहे. वस्तीतील सर्वांत नामांकित खेळाडू म्हणजे गुलाम अब्बास मुंतासिर. भारतीय संघाचे नेतृत्व करणाऱ्या मुंतासिर यांना १९७० चा अर्जुन पुरस्कार लाभला. स्थानिक संघटनेचे नाव ‘नागपाडा बास्केटबॉल असोसिएशन’ असल्याने तिची आद्याक्षरे अमेरिकेतील जगप्रसिद्ध व्यावसायिक संघटनेच्या आद्याक्षरांशी जुळतात. गमतीचा भाग सोडला, तरी या दोन ‘एनबीएं’मधील अंतर प्रामुख्याने अर्थव्यवहाराचे आहे.

भारतात बास्केटबॉलपटूचा चरितार्थ क्लबावर नव्हे, तर नोकरीवर चालत आला आहे. रेल्वे, पोलीस, बँका इत्यादींनी खेळाडूंसाठी जागा राखल्या. गुणी मुलाला त्यातून पगार व निवृत्तिवेतनाची शाश्वती मिळाली. गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. परंतु राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत रेल्वेचा संघ राज्यांच्या संघांविरुद्ध स्वतंत्रपणे उतरतो. त्यामुळे वस्तीने घडविलेला खेळाडू नोकरी देणाऱ्या खात्याचा होतो आणि ज्या क्रीडांगणावर तो शिकला त्याला त्याच्या यशातून काहीही मिळत नाही.

ग्रीसमध्ये याच्या नेमके उलट घडले. कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या निर्वासितांनी १९२४ मध्ये अथेन्स येथे एईके हा क्लब स्थापन केला. आरंभी तोही विस्थापितांचा आधार होता; परंतु खेळाडू, प्रेक्षक व यश ही तिन्ही क्लबाच्याच नावे जमा होत गेली. ४ एप्रिल १९६८ रोजी १८९६ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या संगमरवरी क्रीडागारात एईकेने स्लाव्हिया प्राग संघाचा ८९–८२ असा पराभव करून यूरोपीय चषकविजेत्यांचा चषक मिळविला. या सामन्यास सुमारे ८०,००० प्रेक्षक होते. १९९२ मध्ये ग्रीसमधील वरिष्ठ साखळी स्पर्धा व्यावसायिक झाली, तेव्हा हे लोकबळ तिला तयारच मिळाले.

भारतातील प्रयत्न याउलट वरून खाली आले. यूबीए या खाजगी साखळीत (२०१५–१७) मुंबई चॅलेंजर्स व पुणे पेशवाज हे संघ होते. ती अल्पकाळात बंद पडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळी येथे सॅक्रामेंटो किंग्ज व इंडियाना पेसर्स या अमेरिकन व्यावसायिक संघांचे दोन प्रदर्शनीय सामने झाले. नागपाड्यापासून हे ठिकाण काही किलोमीटरांवरच आहे. २०२२ मध्ये सुरू झालेल्या इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये मुंबई टायटन्स हा संघ उतरला. हे सर्व संघ शहरांच्या नावाने निघाले. वस्तीच्या नावाचा एकही नव्हता.