पाण्याची वाट, खडीची वाट



अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथे राहणाऱ्या मुलाने "सायकलवरून लांब फिरून येतो" असे म्हटले की घरची माणसे पहिला प्रश्न विचारतात, "कुठल्या रस्त्याने जाणार?" प्रश्न रास्तच आहे. मोठ्या रस्त्यांवर ट्रक, बस आणि रिक्षा यांच्या गर्दीत सायकलला जागा उरत नाही. मग मोटारी नसलेली वाट शोधावी लागते. अशी वाट सापडली, तरी ती बहुधा गुळगुळीत नसते. थोडे अंतर गेले की डांबर संपते आणि चाकाखाली खडी व मुरूम कुरकुरू लागतो.

डांबर संपल्यावर सायकलच्या आणि आपल्या बाबतीत नेमके काय बदलते? हे नीट समजले तर कमी दमून, न पडता पुष्कळ हिंडता येते. त्यासाठी शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

वाट अडवणारे तिघे

सपाट रस्त्यावर पेडल मारणे थांबवले की सायकल हळूहळू थांबते. म्हणजे तिला कोणीतरी मागे ओढत असते. असे विरोधक तीन: हवा, रस्ता आणि चढ.

समजा, तुमचे वजन ४५ किलोग्रॅम आणि सायकलचे १५, म्हणजे एकूण ६० किलोग्रॅम आहे. तुम्ही ताशी १० किलोमीटर वेगाने चालला आहात. या वेगाला हवेचा विरोध फार थोडा, सुमारे पाव किलोग्रॅम-भार असतो. वेग दुप्पट केला तर तो चौपट होतो. म्हणूनच शर्यतीतले सायकलस्वार हँडलवर वाकून बसतात. संथ चालणाऱ्याला मात्र हवेची चिंता नको.

दुसरा विरोध रस्त्याचा. चांगल्या डांबरी रस्त्यावर तो एकूण वजनाच्या सुमारे अर्धा टक्का, म्हणजे ०.३ किलोग्रॅम-भार असतो. बऱ्यापैकी दाबलेल्या खडीवर तोच तिप्पट, सुमारे ०.९ किलोग्रॅम-भार होतो. खडी सुटी असेल तर त्याहूनही जास्त.

तिसरा विरोध चढाचा. शंभर मीटर गेल्यावर एक मीटर वर नेणाऱ्या चढावर तो वजनाच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे ०.६ किलोग्रॅम-भार होईल. वीस मीटरांत एक मीटर चढायचे असेल तर सरळ ३ किलोग्रॅम-भार!

आता बेरीज करून शक्ती काढू. सपाट डांबरावर ताशी १० किलोमीटर वेगासाठी सुमारे १५ वॉट शक्ती लागते. सपाट खडीवर सुमारे ३१ वॉट. खडीवर शंभरात एक चढ असेल तर ४७ वॉट. पण खडीवर वीसात एक चढ आला की आकडा ११० वॉटच्या पुढे जातो. इतकी शक्ती शाळकरी मुलगा थोडा वेळ देऊ शकेल. तासभर देणे कठीण. यावरून दिसते की खडीने श्रम दुप्पट होतात, पण छाती फोडतो तो चढ. म्हणून खडीची वाट निवडताना पहिला प्रश्न विचारावा तो चढाचा.

पाण्याने निवडलेली वाट

कमी चढ-उताराची वाट हवी असणारा प्रवासी एकटा सायकलस्वारच नाही. पाण्यालाही तशीच वाट आवडते.

मुंबईला नळाचे पाणी प्रथम १८६० मध्ये विहार तलावातून मिळाले. पुढे १८७९ मध्ये तुळशी तलाव बांधला गेला. तेही अपुरे पडू लागले तेव्हा आताच्या शहापूर तालुक्यात तानसा नदीवर धरण बांधण्यात आले. त्याचे पाणी १८९२ पासून मुंबईला येत आहे. तानसा तलाव मुंबईपेक्षा उंचावर असल्याने हे पाणी गुरुत्वाकर्षणाने, आपल्या आपण येते.

बंद नळातले पाणी मधल्या खोलगट जागेत उतरून पुन्हा वर चढू शकते. पण नळ १० मीटर खाली उतरला की आतल्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम-भाराने वाढतो. खोल दरीत नळ उतरवायचा तर तो अधिक मजबूत करावा लागतो. म्हणून अभियंते शक्यतो मोठे चढ-उतार टाळून जलवाहिनी नेतात. तिच्या देखभालीसाठी कडेने वाट ठेवतात. ती वाट आयतीच सायकलच्या पायांना मानवणारी होते!

याच गोष्टीचा उपयोग करण्याची एक योजना मुंबई महानगरपालिकेने आखली. तिचे नाव 'हरित वारी जलतीरी'. तानसा जलवाहिनीच्या कडेने मुलुंडपासून धारावीपर्यंत आणि घाटकोपरहून शीवकडे असा एकूण ३९ किलोमीटर लांबीचा सायकल मार्ग त्यात योजला होता.

या वाटेची दुसरी बाजूही जाणून घेतली पाहिजे. जलवाहिनीच्या सुरक्षिततेसाठी तिच्या दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करावी, असा न्यायालयाचा आदेश होता. तेथे वर्षानुवर्षे राहणाऱ्या हजारो कुटुंबांची घरे त्यात गेली. अनेकांना माहुल येथे पाठवण्यात आले. शेजारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांमुळे तेथील हवा दूषित असल्याची त्यांची तक्रार होती. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना माहुलला राहण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला. शहरातली मोकळी जागा कधी फुकट मिळत नाही. तिची किंमत कोणीतरी मोजलेली असते. तेथून सायकल नेताना एवढी जाण ठेवावी.

खडी शक्ती कशी खाते?

खडीवर श्रम वाढतात याचे कारण काय? चाक एखाद्या दगडावर आले की सायकल आणि तुम्ही किंचित वर उचलले जाता. पलीकडे उतरताना ती उंची परत मिळते, पण खर्च केलेली सगळी शक्ती परत मिळत नाही. बरीचशी सायकलच्या आणि तुमच्या शरीराच्या थरथरण्यात जाते. काही शक्ती दगड बाजूला सारण्यात खर्च होते. एका किलोमीटरमध्ये असे हजारो धक्के बसतात.

यावरचा उपाय शंभरावर वर्षांपूर्वी सापडला. आयर्लंडमधील बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप नावाचे एक पशुवैद्य राहत. त्यांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलला भरीव रबराच्या धावा होत्या आणि ती रस्त्यावर फार हादरत असे. डनलॉप यांनी चाकाभोवती हवा भरलेली नळी बसवली आणि १८८८ मध्ये तिचे पेटंट घेतले. हवेचा टायर दगडाला आपल्यात सामावून घेतो. टायरचा तेवढाच भाग दबतो, सायकल वर उचलली जात नाही.

म्हणून खडीवर टायर दगडासारखा टणक नसावा. एका चाकावर ३० किलोग्रॅम भार आहे असे समजा. टायरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३ किलोग्रॅम-भार दाब असेल, तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग सुमारे १० चौरस सेंटिमीटर होतो. दाब २ केला तर तोच १५ होतो. धक्के कमी बसतात आणि पकडही वाढते. पण हवा फारच कमी केली तर दगडावर आपटताना ट्यूब रिमखाली चेमटून पंक्चर होते. टायरवर किती दाब असावा हे छापलेले असते. त्या मर्यादेतच कमी-जास्त करावे. रुंद टायर असेल तर उत्तमच.

चढावर पेडलवर उभे राहण्याची सवय खडीवर सोडावी. उभे राहिले की भार पुढे जातो, मागचे चाक हलके होते आणि जागच्या जागी फिरते. बसूनच, हलक्या गिअरमध्ये, एकसारखे पेडल मारावे. गिअर नसेल तर खाली उतरून सायकल हाताने न्यावी. त्यात कमीपणा कसला?

उतारावर सावधान

खरा धोका चढावर नसून उतारावर आहे. ब्रेक चाकाला थांबवतो, पण सायकलला थांबवते ते टायर आणि जमीन यांच्यातले घर्षण. सुटी खडी गोट्यांसारखी निसटते, त्यामुळे हे घर्षण जवळजवळ निम्मे होते.

ताशी २० किलोमीटर वेगाची सायकल कोरड्या डांबरावर, ब्रेक लागल्यापासून सुमारे अडीच मीटरांत थांबू शकते. खडीवर तिला पाच मीटरांहून जास्त अंतर लागते, तेही सपाटीवर. उतारावर आणखी वाढते. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला तर तेवढ्यात सायकल साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. वेग निम्मा केला तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौथाई होते. म्हणून वळणाच्या आधीच वेग कमी करावा. वळणात ब्रेक दाबू नये, आणि पुढचा ब्रेक एकदम कधीच दाबू नये. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ चढते, तेव्हा दुप्पट काळजी घ्यावी. हेल्मेट हवेच.

शांतता किती दूर आहे?

एवढे श्रम करून मिळते काय? पहिली गोष्ट म्हणजे ऐकू येऊ लागते. वर्दळीच्या रस्त्यावर आवाज सुमारे ८० डेसिबल असतो, शांत रानात सुमारे ४०. हा फरक दुप्पट नव्हे. डेसिबल मापनात दर १० ला ध्वनीची तीव्रता दसपट होते, म्हणून ४० डेसिबलचा फरक म्हणजे दहा हजार पट!

रस्त्यापासून थोडे दूर गेले की शांतता मिळेल, असे आपल्याला वाटते. पण रस्ता हा एका जागी वाजणारा भोंगा नाही. तो वाहनांची लांबलचक रांग आहे. अशा रांगेपासूनचे अंतर दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबलच कमी होतो. २५ मीटरांवरून ८०० मीटरांवर गेलात तरी उघड्या मैदानात घट सुमारे १५ डेसिबलचीच! मध्ये डोंगराची कड आली तर मात्र आवाज चांगलाच अडतो. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरी लेण्यांच्या वाटेवर आत-आत गेल्यावर शहर एकाएकी गप्प झाल्यासारखे वाटते, त्यात या टेकड्यांचा मोठा वाटा आहे.

शांततेची गरज केवळ आपल्याला नाही. हॉलंडमधील लायडेन शहरात पक्षिशास्त्रज्ञांना २००३ मध्ये आढळले की गोंगाटाच्या भागात राहणारे ग्रेट टिट हे छोटे पक्षी अधिक उंच पट्टीत गातात. वाहनांची घरघर खालच्या पट्टीतली असते. तिच्यात गाणे बुडू नये म्हणून त्यांना हे करावे लागते. म्हणून रानात सायकल नेताना गाणी लावू नका, घंटीही गरजेपुरतीच वाजवा.

सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात बिबटे राहतात. परवानगी असलेली वाट सोडू नका, एकटे जाऊ नका आणि अंधार पडण्यापूर्वी बाहेर पडा. जलवाहिनीच्या कुंपणातही परवानगीवाचून शिरू नका.

करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करा. शाळेच्या आवारात किंवा वाहने नसलेल्या जागी डांबरी वा सिमेंटचा सपाट भाग आणि खडीचा वा मातीचा सपाट भाग निवडा. खडूने एक रेघ मारा. ताशी सुमारे १० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पावणेतीन मीटर वेगाने रेघेपर्यंत या. रेघेवर पेडल मारणे थांबवा, ब्रेक लावू नका, आणि सायकल किती मीटर जाऊन थांबते ते मोजा. दोन्ही जागी पाच-पाच वेळा मोजून सरासरी काढा. विरोध जितका जास्त, तितके हे अंतर कमी. टायरमधली हवा थोडी कमी-जास्त करून पुन्हा मोजा. वाऱ्याचा परिणाम टाळण्यासाठी दोन्ही दिशांनी मोजायला विसरू नका.

तुमच्या भागातल्या कोणत्या वाटेवर सायकल सुखाने जाईल, हे या आकड्यांवरून तुम्हांला स्वतःच ठरवता येईल. आणि पुढच्या वेळी घरी कोणी "कुठल्या रस्त्याने जाणार?" असे विचारले, की नुसते नाव न सांगता, चढ किती, खडी कशी आणि परत किती वाजता येणार हेही सांगा. मग परवानगी मिळणे सोपे जाईल!