खेळाचा जुना संगणक आणि लिनक्स : भंगारात घालण्याआधी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची मोफत देखभाल बंद केली. तेव्हापासून साताऱ्यात व सांगलीत आमच्या व्यापारी बांधवांकडून एकच तक्रार कानावर येते. मुलांचा गेम खेळण्याचा संगणक ठणठणीत आहे, आणि दुकानदार म्हणतो नवा घ्या. कारण असे की विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा लागतो. नावनोंदणी करणाऱ्यांना कंपनीने ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदत वाढवून दिली, पण ती मुदतच. विट्याचा मागवाला एक भाग झिजला म्हणून माग विकत नाही. मग चालू संगणक का फेकावा?

आमच्या घरचा संगणक सहाव्या पिढीचा. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. आमचा भाचा तेथेच शिकतो. तो म्हणाला, "मामू, लिनक्स मिंट आधी पेन ड्राईव्हवरून चालवून बघा. आतल्या डिस्कला हात लागत नाही. नाही पटले तर पेन ड्राईव्ह काढून घ्या." आठ जीबीचा पेन ड्राईव्ह पुरला.

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहिला. त्याची रचना सर्वांना खुली आहे. मिरजेचा कारागीर सतार दुरुस्तीला आली की तबली काढून आत बघतो. विंडोज असे उघडून बघता येत नाही, लिनक्स येते. आपल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही २००७ मध्ये 'बॉस' नावाचे लिनक्स काढले. मिंटला पैसे पडत नाहीत. थोडक्या पैशांत चोरीचे विंडोज टाकून देणारे आपल्या बाजारात पुष्कळ आहेत. नकली छापाचे कापड आम्ही दुकानात ठेवत नाही, मग घरी तसला माल कशाला?

आता खेळांचे. पूर्वी लिनक्सवर गेम म्हणजे पत्ते आणि बुद्धिबळ. २०१८ साली स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 'प्रोटॉन' काढले. विंडोजसाठी लिहिलेला गेम जी मागणी करतो ती प्रोटॉन लिनक्सच्या भाषेत उलटवून देते, दुभाष्यासारखी. त्याच बळावर २०२२ मध्ये त्या कंपनीने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचे यंत्र विकायला काढले, तेही लिनक्सवर. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांना तर दुभाष्याचीही गरज नाही.

अडचण आहे ती ऑनलाइन खेळांतील पहारेकऱ्यांची. लबाडी पकडण्यासाठी काही कंपन्या संगणकाच्या अगदी गाभ्यात आपला पहारा बसवतात, आणि तो विंडोजखेरीज चालत नाही. व्हॅलोरंट आणि फोर्टनाइट त्यामुळे लिनक्सवर चालत नाहीत. जीटीए ५ चा घरगुती खेळ चालतो, पण त्याचा ऑनलाइन भाग सप्टेंबर २०२४ मध्ये अशाच पहाऱ्यामुळे लिनक्सवाल्यांना बंद झाला. म्हणून मुलगा कोणते खेळ खेळतो ते आधी कागदावर लिहून घ्यावे आणि 'प्रोटॉनडीबी' या संकेतस्थळावर एकेक तपासावा. खेळ कसा चालला ते तेथे खेळणारेच नोंदवतात.

आमच्या धाकट्याच्या यादीत नऊ खेळ होते. आठ चालले. नववा व्हॅलोरंट, आणि शाळेतले दोस्त तोच खेळतात. दोन दिवस घरात अबोला. शेवटी एकाच डिस्कवर दोन्ही प्रणाली ठेवल्या. विंडोज त्या एका खेळापुरते, त्यात बँकेचे किंवा धंद्याचे काही उघडायचे नाही, हे ठरले. डिस्कची वाटणी करण्याआधी फोटो आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून त्याचा ड्रायव्हर घालावा, नाहीतर खेळ अडखळतो.

दुकानाच्या संगणकाला मात्र घाई नको. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनते, आणि खरेदी-विक्रीचे हिशेब जुगाडावर ठेवण्यात अर्थ नाही.

आम्ही उर्दू शाळेत शिकलेलो. मिंटमध्ये उर्दू आणि मराठी दोन्ही कळफलक आहेत, आणि नोटो नस्तालीक हा टाइप फुकट मिळतो. उधारीच्या याद्या आता आम्ही उर्दूत लिहितो. मुनीमजींना मराठीत हव्या असल्या की एक कळ दाबून लिपी बदलतो आणि पुन्हा टाइप करून देतो.