कांदळवनांची हद्द सांगणारा नकाशा

खाडीकाठचे कांदळवन नेमके कोठे सुरू होते व कोठे संपते, हे सांगणे पूर्वी कठीण होते. भरती-ओहोटीच्या गाळात मोजणीची साखळी नेणे अवघड. महसुली दप्तरात अशा जमिनीची नोंद अनेक ठिकाणी नुसती ‘खाजण’ म्हणून होई. त्यामुळे झाडे तुटली, भराव पडला, तरी तेथे पूर्वी वन होते हे सिद्ध करणे दुरापास्त ठरे.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवनांच्या तोडीस मनाई केली आणि उपग्रहाच्या साहाय्याने त्यांचे नकाशे करण्याचा आदेश दिला. हे काम नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने केले.

यामागील शास्त्र सोपे आहे. हिरवी पाने डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणावर परावर्तित करतात, तर पाणी ते शोषून घेते. म्हणून विशिष्ट रंगयोजनेच्या उपग्रहचित्रात कांदळवन गडद तांबडे व खाडी काळसर दिसते. ओहोटीच्या वेळचे चित्र अधिक उपयुक्त असते. या चित्रावर गावाचा भूमापन नकाशा बसविला की कोणत्या सर्व्हे नंबरात कांदळवन आहे ते कळते. निरनिराळ्या वर्षांची चित्रे ताडून पाहिल्यास कोठे घट झाली तेही उघड होते.

तथापि, नकाशा सर्वज्ञ नव्हे. नवी रोपे आणि झाडांचे अरुंद पट्टे त्यातून निसटू शकतात. प्रत्यक्ष पाहणी म्हणूनच आवश्यक असते. तिवर, कांदळ आणि चिपी ही झाडे ओळखणारा गावकरी येथे मोलाचा ठरतो.

२०१२ साली राज्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने कांदळवनांभोवती ५० मीटरचा पट्टा बांधकाममुक्त ठेवण्यास सांगितले. मालकी खाजगी असली तरी हे बंधन सुटत नाही.

कोळंबी, चिंबोऱ्या व जिताड्याची पिले या मुळांच्या आश्रयाने वाढतात. भरावाने भरतीचे पाणी अडले की झाडे वाळतात आणि पाठोपाठ खाडीतील मासळी घटते. खाडीकाठच्या पंचायतीने कोणत्याही कामास संमती देण्यापूर्वी तो सर्व्हे नंबर नकाशावर पाहावा आणि शाळांनी विद्यार्थ्यांना ही हद्द प्रत्यक्ष दाखवावी. कागदावरील रेषेचे रक्षण अखेर गावालाच करावयाचे आहे.